मॅग्नेट क्लचची कुळकथा

नगरच्या उन्हाळ्यात गाडीचा एसी गरम हवा फेकू लागला आणि बॉनेटखालची ओळखीची ‘टिक’ ऐकू येईना, की निकाल ठरलेला: एसीचा मॅग्नेट क्लच गेला. हा निकाल बहुतेकदा घाईचा असतो, आणि तो घाईचा का, हे क्लचच्या जन्मकथेतच सापडतं. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने 1940च्या मॉडेलवर एसी देऊ केला. किंमत 274 डॉलर, आणि निम्मी डिकी त्यातच खर्ची. पण क्लच नव्हताच. इंजिन फिरलं की कॉम्प्रेसर फिरायचा. गारवा नको झाला तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि बेल्ट उतरवा! विजेवर चालणारा क्लच 1954च्या नॅश अँबेसेडरवर दिसतो. (आपल्या अँबेसेडरशी तिचं नावापलीकडे काही नातं नाही.) पुली बेअरिंगवर मोकळी फिरत राहते; कॉईलला 12 व्होल्ट मिळाले की पुढची प्लेट पुलीला चिकटते आणि कॉम्प्रेसर कामाला लागतो. कॉम्प्रेसर फिरवायला बेल्ट पुरेसा होता. क्लच आला तो त्याला थांबवता यावं म्हणून.

पुढे थांबवण्याची कारणं वाढत गेली. इव्हॅपोरेटरवर बर्फ धरू नये म्हणून थर्मोस्टॅट आला. कॉम्प्रेसरचं ऑईल गॅसबरोबरच फिरतं, त्यामुळे गॅस गळाला तर कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. म्हणून कमी दाबाला करंट तोडणारा स्विच आला. कंडेन्सरचा पंखा बंद पडून दाब चढला तर तोडणाराही आला. मग इंजिन तापलं किंवा चढावर पूर्ण जोर लागला तर इंजिनचं कंट्रोल युनिट, म्हणजे ईसीयूही एसी तोडू लागलं. नगरजवळच्या हिवरे बाजार गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, पिण्याचं पाणी आधी राखतात आणि उरेल त्यावर पिकं ठरवतात. तुटीच्या वर्षी रान मोकळं दिसलं म्हणून पंप बिघडला असं तिथे कुणी म्हणणार नाही. न उचलणाऱ्या क्लचकडेही असंच पाहायला हवं. आधी त्याच्या कनेक्टरवर मीटर लावावा. करंट येतच नसेल तर फ्यूज, रिले, गॅसचा दाब आणि स्विच तपासायचे. क्लचला हात लावायचा नाही.

यावर मेकॅनिक म्हणतील, कॉईल खरोखर जळते, बेअरिंगही वाजतं. कबूल. करंट येऊनही प्लेट ओढली जात नसेल तर दोष क्लचचा किंवा त्याच्या अर्थिंगचा. तिथेही एक पायरी राहते. प्लेट आणि पुलीमधली फट जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. घासून ती वाढते. कॉईल तापली की तिचा रोध वाढतो, चुंबक मंदावतो आणि वाढलेल्या फटीवरून प्लेट ओढू शकत नाही. सकाळी चालणारा एसी तासाभराच्या प्रवासानंतर दगा देतो तो अनेकदा यामुळे, आणि पुष्कळ क्लचमध्ये आतली एखादी पातळ शिम काढून फट पुन्हा जमवता येते. दुसरा आक्षेप असा की कित्येक नव्या गाड्यांत क्लचच नाही. खरं आहे, तिथे पुली सतत फिरते आणि काम कमीजास्त करण्याचा हुकूम कॉम्प्रेसरमधल्या व्हॉल्व्हला जातो. हुकूम पोचला का, हे तिथेही आधीच पाहावं लागतं. तेव्हा नव्या क्लचचे पैसे मोजण्याआधी गॅरेजवाल्याला एवढंच विचारा: कनेक्टरवर 12 व्होल्ट येत होते का?