शस्त्रक्रियेनंतरचा नेत्रशुष्कतेचा विकार आणि स्क्लेरल लेन्स

मोतीबिंदू निघाला किंवा लॅसिकने चष्मा सुटला, तक्त्यावरील शेवटची ओळही वाचता येऊ लागली, तरी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, जळजळ होते आणि उन्हात डोळे उघडवत नाहीत. अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण नेत्रतज्ज्ञांना नवे नाहीत. दृष्टी मोजली असता शस्त्रक्रिया यशस्वी ठरते आणि रुग्णाचा त्रास मात्र कायम राहतो. या विकारास नेत्रशुष्कता किंवा 'ड्राय आय' असे म्हणतात. बहुतेक रुग्णांना काही महिन्यांत आराम पडतो. ज्यांना औषधांनी गुण येत नाही, अशा थोड्या रुग्णांसाठी स्क्लेरल लेन्स हा एक उपाय आहे.

ही लेन्स बसविण्याची सोय मुख्यतः मोठ्या शहरांतील नेत्रसंस्थांत असते, तर तिची रोजची निगा रुग्णाला घरीच राखावी लागते. तामिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील पापनाशमसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने या दोन्ही बाबी सारख्याच महत्त्वाच्या आहेत.

डोळा कोरडा का पडतो?

बुबुळासमोरील काचेसारख्या पारदर्शक पडद्यास पारपटल म्हणतात. त्यावर अश्रूंचा अतिशय पातळ थर असतो व पापणी मिटताना तो पुन्हा पसरला जातो. पारपटलात संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंचे दाट जाळे असते. पृष्ठभाग कोरडा पडू लागला की हे तंतू मेंदूला सूचना देतात आणि अश्रुग्रंथी पाझरतात.

लॅसिक शस्त्रक्रियेत पारपटलाचा पातळ पापुद्रा उचलून त्याखालील भागास लेसरने आकार दिला जातो. पापुद्रा कापताना हे तंतूही कापले जातात. त्यामुळे अश्रू कमी येतात आणि पापण्यांची उघडझापही मंदावते. तंतू पुन्हा वाढण्यास अनेक महिने लागतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, लॅसिकपूर्वी कोरडेपणाची लक्षणे नसलेल्यांपैकी सुमारे २८ टक्क्यांपर्यंत व्यक्तींनी तीन महिन्यांनंतर अशी लक्षणे असल्याचे सांगितले होते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील छेद लहान असला, तरी तेथेही काही तंतू तुटतात. त्यानंतर काही आठवडे घालावयाच्या थेंबांतील बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक द्रव्य पृष्ठभागास त्रासदायक ठरू शकते. अनेक वयस्क रुग्णांत कोरडेपणा आधीपासूनच असतो व शस्त्रक्रियेनंतर तो उघड होतो.

शस्त्रक्रिया डोळ्याचीच असावी असेही नाही. मेंदूतील श्रवणतंतूची गाठ काढताना चेहऱ्याच्या मज्जातंतूस इजा झाली, तर पापणी पूर्ण मिटत नाही आणि पारपटल उघडे पडते. पापण्यांच्या शस्त्रक्रियेनंतरही कधीकधी असे घडते.

स्क्लेरल लेन्सचे कार्य

नेहमीची मऊ काँटॅक्ट लेन्स पारपटलावरच टेकते आणि स्वतः ओली राहण्यासाठी अश्रूंवर अवलंबून असते. त्यामुळे ती कोरड्या डोळ्यास अनेकदा सोसत नाही. शस्त्रक्रियेनंतरची जखम भरेपर्यंत पट्टीप्रमाणे लावली जाणारी 'बँडेज लेन्स' मऊच असते, परंतु ती थोड्या दिवसांसाठी असते.

स्क्लेरल लेन्स कडक असून तिच्यातून प्राणवायू जाऊ शकतो. पारपटलाचा व्यास सुमारे १२ मिलिमीटर असतो; ही लेन्स साधारणतः १५ ते २० मिलिमीटर व्यासाची असते. तिची कड डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, म्हणजे श्वेतपटलावरील पातळ आवरणावर टेकते आणि मधला भाग पारपटलावर घुमटासारखा उभा राहतो. डोळ्यात घालण्यापूर्वी लेन्स परिरक्षकविरहित निर्जंतुक सलाइनने भरतात. घुमट आणि पारपटल यांमधील अंतर एका मिलिमीटरच्या पाचव्या भागाच्या आसपास असते. या फटीतील द्रवात पारपटल दिवसभर भिजलेले राहते. पापणीचे घर्षण आणि वारा यांपासूनही त्याचे रक्षण होते. पृष्ठभाग ओबडधोबड झाला असल्यास द्रवामुळे तो सपाट झाल्यासारखा होऊन दृष्टीही सुधारते.

काचेपासून प्लॅस्टिकपर्यंत

ही कल्पना नवी नाही. झुरिच येथे काम करणारे डॉ. अडोल्फ फिक यांनी १८८८ मध्ये वर्णन केलेली काँटॅक्ट लेन्स याच प्रकारची होती. ती काचेची होती आणि काही तासांपलीकडे वापरता येत नसे, कारण काचेतून पारपटलास प्राणवायू मिळत नाही. पुढे काचेची जागा प्लॅस्टिकने घेतली, तरी ही अडचण राहिली. ऑस्ट्रेलियातील डोनाल्ड इझीकिएल यांनी १९८३ मध्ये वायू जाऊ देणाऱ्या प्लॅस्टिकच्या स्क्लेरल लेन्सची माहिती प्रसिद्ध केली. बोस्टन येथील डॉ. पेरी रोझेन्थाल यांच्या लेन्सला अमेरिकेत १९९४ मध्ये मान्यता मिळाली.

भारतात चेन्नईचे शंकर नेत्रालय आणि हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था यांसारख्या संस्थांत या लेन्स बसविल्या जातात. शंकूच्या आकाराचे झालेले पारपटल आणि औषधांच्या तीव्र प्रतिक्रियेतून उद्भवणारा स्टीव्हन्स-जॉन्सन विकार यांतही त्यांचा उपयोग होतो.

उपचारांतील स्थान

लेन्स हा पहिला उपचार नव्हे. नेत्रशुष्कतेवरील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या २०१७ च्या अहवालात उपचारांच्या पायऱ्या सुचविल्या असून त्यांत उपचारात्मक लेन्स तिसऱ्या पायरीवर आहे. त्याआधी परिरक्षकविरहित कृत्रिम अश्रू, पापण्यांना ऊबदार शेक व त्यांची स्वच्छता, सायक्लोस्पोरिनसारखे दाहशामक थेंब आणि अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांत बसविण्याचे बूच हे उपाय केले जातात. रुग्णाच्याच रक्तद्रवापासून बनविलेले थेंबही तिसऱ्या पायरीवर येतात.

शस्त्रक्रियेची जखम भरल्याची खात्री झाल्याशिवाय ही लेन्स बसविणे योग्य नसते. डोळ्यात जंतुसंसर्ग असल्यास ती वर्ज्य आहे. पारपटलाच्या आतील थरातील पेशी कमी झाल्या असतील, तर लेन्सखाली सूज येऊ शकते. म्हणून नेत्ररोपण झालेल्या डोळ्यात विशेष काळजी लागते. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत द्रव निचरण्यासाठी तयार केलेल्या फुगवट्यावर लेन्सची कड दाबली जाण्याचा धोका असतो. काही रुग्णांत पृष्ठभाग निरोगी दिसतो, पण तुटलेले तंतू सदोष रीतीने जुळल्याने वेदना होत राहते. अशांना लेन्सने पूर्ण आराम मिळेलच असे नाही.

गावातील रुग्णापुढील प्रश्न

पापनाशम हे तंजावर-कुंभकोणम लोहमार्गावर, तंजावरपासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. चेन्नई तेथून सुमारे ३०० किलोमीटर दूर. लेन्सचे माप एकाच भेटीत पक्के होत नाही. चाचणीची लेन्स डोळ्यात ठेवून ती स्थिरावू द्यावी लागते आणि रंगद्रव्य घालून फट तपासावी लागते. त्यानंतर बनविलेल्या लेन्समध्येही फेरबदल संभवतो. प्रवासाचा आणि फेरतपासणीचा खर्च लेन्सच्या किमतीत धरूनच निर्णय घेणे इष्ट ठरते.

कावेरीच्या खोऱ्यातील हा भाग भातशेतीचा आहे. मळणीच्या वेळी उडणारा तूस डोळ्यास लागून पारपटलावर बुरशीचा संसर्ग होणे हा दक्षिण भारतातील ओळखीचा धोका आहे. लेन्स पारपटल झाकते म्हणून ती संरक्षक चष्म्याचे काम करते, असा समज चुकीचा आहे. धुळीच्या कामात वेगळा चष्मा आवश्यकच असतो.

लेन्स हाताळण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावे लागतात. विहिरीचे किंवा नळाचे पाणी लेन्सला लागू देऊ नये; त्यातील अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव पारपटलाचा गंभीर संसर्ग घडवू शकतो. घरी मीठ घालून उकळलेले पाणी हा सलाइनचा पर्याय नव्हे. लेन्स घालून झोपू नये. द्रव गढूळ होऊन दुपारी धूसर दिसू लागल्यास लेन्स काढून स्वच्छ करावी व नवे सलाइन भरून पुन्हा घालावी. लेन्स घालण्या-काढण्यासाठी रबराची लहान शोषणी मिळते. ज्येष्ठांचे हात थरथरत असतील, तर घरातील एका व्यक्तीने हे तंत्र शिकून घेणे हिताचे असते.

डोळा लाल होणे, वेदना वाढणे, उजेड सहन न होणे किंवा दृष्टी अचानक घटणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी लेन्स ताबडतोब काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. घरात उरलेले स्टेरॉइडचे थेंब घालण्याचा मोह टाळावा, कारण बुरशीचा संसर्ग असल्यास त्यांनी तो फोफावतो.

नोंदींची जुनी परंपरा

नेत्ररुग्णांच्या नोंदींबाबत तंजावरला एक वेगळा वारसा आहे. तेथील मराठा राजे दुसरे सरफोजी (१७७७-१८३२) यांना नेत्रचिकित्सेत विशेष रस होता. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांची टिपणे आणि विकारग्रस्त डोळ्यांची रंगीत चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात जतन करण्यात आली आहेत. उपचारापूर्वी डोळा कसा होता हे लिहून ठेवले, तर नंतरचा फरक कळतो, हे तत्त्व आजही तितकेच खरे आहे.

नेत्रशुष्कतेच्या बाबतीत ते विशेष लागू पडते. अश्रूंचे प्रमाण आणि पारपटलाचा पृष्ठभाग शस्त्रक्रियेपूर्वीच तपासून नोंदविला, तर आधीच्या कोरडेपणावर वेळीच उपचार करता येतात आणि लॅसिकसारखी ऐच्छिक शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा किंवा टाळण्याचा निर्णयही घेता येतो. रुग्णाने आपले जुने तपासणीकागद आणि वापरलेल्या थेंबांची नावे जपून ठेवल्यास दूरच्या शहरातील तज्ज्ञाचे काम सोपे होते. लेन्समुळे दिवसाचे काही तास तरी डोळे उघडे ठेवून काम करणे अनेकांना शक्य झाले आहे. मात्र ती कोरडेपणा मुळापासून बरा करीत नाही, आणि तिचा लाभ रोजच्या स्वच्छतेवर व वेळेवर केलेल्या फेरतपासणीवरच अवलंबून राहतो.