कपाटाचं दार सपाटच आहे? नवं न बनवता लाकडी पट्टीने असा बदला लूक

प्लायवुडचं सपाट दार, वर सनमायका आणि एक स्टीलचं हँडल. रिसोडच काय, कुठल्याही गावातल्या नव्या घरात बहुतेक कपाटं अशीच दिसतात. काही वर्षांनी ती जुनाट वाटू लागतात. सगळी दारं बदलायची तर प्लाय, सनमायका, बिजागऱ्या आणि सुताराची मजुरी असा खर्च पुन्हा येतो. दार मजबूत असेल तर त्यावर लाकडी पट्टी म्हणजेच बीडिंग लावून काम भागतं. पण ही पट्टी टिकणार की वर्षभरात उचकटणार, हे डिझाइनवर नाही, तर चिकटवण्याच्या पद्धतीवर आणि हवेवर ठरतं.

ही कल्पना आली कुठून?

जुन्या वाड्यांच्या दारांत चौकट आणि मध्ये फळी असायची. ती केवळ शोभेसाठी नव्हती. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. म्हणून फळी चौकटीच्या खाचेत थोडी सैल बसवत. प्लायवुडमध्ये लाकडाचे पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते फारसं फुगत नाही आणि चौकटीची गरज उरत नाही. सपाट दारं त्यामुळेच शक्य झाली. पट्टी लावून आपण त्या जुन्या चौकटीचा फक्त आभास तयार करतो. सोशल मीडियावर दिसणारी ‘शेकर’ स्टाइल हीच. अमेरिकेतल्या शेकर या धार्मिक पंथाच्या साध्या फर्निचरवरून हे नाव पडलं.

आधी दार तपासा

- खालची कड फुगली आहे का? सिंकखालच्या दारात हे जास्त दिसतं.
- ठोकल्यावर पोकळ आवाज येतो किंवा भुसा पडतो का? मग वाळवीचा बंदोबस्त आधी.
- दार सरकणारं आहे का? पट्टीमुळे ते अडकेल.
- दार उघडताना भिंतीला किंवा शेजारच्या ड्रॉवरला घासेल का? पट्टीच्या जाडीएवढी जागा हवी.

पट्टी किती लागेल?

समजा दार 24 इंच उंच आणि 18 इंच रुंद आहे. चारही कडांपासून अडीच इंच आत चौकोन केला तर तो 19 बाय 13 इंचांचा होतो. म्हणजे 64 इंच, साधारण साडेपाच फूट. कापताना तुकडे वाया जातात, म्हणून एका दाराला 6 फूट धरा. अशा दहा दारांना 60 फूट.

कोणती पट्टी घ्यावी?

पॉलिश करायचं असेल तर सागवान. रंग द्यायचा असेल तर एमडीएफ चालतं, पण पाणी लागलं की ते फुगतं. सिंकजवळ पीव्हीसीची पट्टी बरी. गॅसजवळच्या दारांना नक्षीदार पट्टी टाळा. फोडणीचं तेल आणि धूळ खाचांत बसते आणि ती निघता निघत नाही. तिथे साधी, सपाट पट्टी घ्या.

काम कसं करायचं?

1. दार काढून आडवं ठेवा. साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा आणि पूर्ण वाळू द्या.
2. पेन्सिल आणि गुण्याने चौकोन आखा.
3. पट्टी बसणार तेवढ्या जागेवर सनमायका पॉलिश पेपरने खरवडा. ही पायरी चुकवू नका. पांढरा फेविकॉल लाकडात पाणी शोषलं गेल्यावर घट्ट होतो, पण सनमायका पाणी शोषत नाही. त्यामुळे इथे सनमायकावर चालणारा गोंद दुकानातून विचारून घ्या.
4. पट्टीची टोकं 45 अंशांत कापा. आधी कोरडीच मांडून कोपरे जुळतात का पाहा.
5. चिकटवा, बारीक खिळे मारा. खिळ्याची लांबी दार आणि पट्टीच्या एकूण जाडीपेक्षा कमी हवी, नाहीतर टोक आतून बाहेर येईल.
6. फटींत लांबी भरा, घासा, मग प्रायमर आणि रंग.

रिसोडच्या हवेत काय सांभाळायचं?

पावसाळ्यात फुगलेली पट्टी लावली तर उन्हाळ्यात ती आकसते आणि कोपऱ्यांत फट पडते. म्हणून दिवाळीनंतरचा काळ सोयीचा. आणलेली पट्टी लगेच न कापता काही दिवस घरातच ठेवा, म्हणजे ती तिथल्या हवेला सरावते. विदर्भातल्या घरांत आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे कूलर. भर उन्हाळ्यातही त्याची ओलसर हवा थेट कपाटावर येत असेल तर लाकूड पुन्हा फुगतं. कूलरची दिशा बदला. पट्टीच्या सगळ्या बाजूंना, मागच्याही, चिकटवण्याआधी रंगाचा किंवा पॉलिशचा हात द्यायचा मोह होईल, पण मागे रंग असेल तर गोंद लाकडाला नाही, रंगाला धरतो. म्हणून मागची बाजू कोरी ठेवा आणि कडा नीट बंद करा.

सगळी दारं एकदम करू नका. एकच दार करा, आठवडाभर वापरा आणि मग पट्टी हाताने ओढून पाहा. ती हलली नाही, तर बाकीच्या दारांना हात घालायला हरकत नाही. हलली, तर नुकसान एकाच दारापुरतं राहील.