पगाराच्या स्लिपवरचे २०० रुपये

महिनाअखेरीला पगाराची स्लिप आली की आपण काय बघतो? सगळ्यात खालचा आकडा. फारच झालं तर पीएफ आणि टीडीएस. त्यांच्याच शेजारी एक ओळ मुकाट्याने बसलेली असते : ‘प्रोफेशन टॅक्स - २००’. फेब्रुवारीत तिचे ३०० होतात आणि वर्षाचे २,५०० भरतात. रक्कम इतकी किरकोळ की कुणी एचआरला मेलसुद्धा टाकत नाही. :) पण महाराष्ट्रात या ओळीला एक इतिहास आहे, आणि तो थेट आपल्या नाशिक जिल्ह्याच्या सिन्नर, येवला, नांदगावच्या माळरानापर्यंत जातो. आजचा वीकेंड त्याच्यासाठी.

थोडं मागे जाऊ. दुष्काळात लोकांना कामावर लावायचं आणि मजुरी द्यायची ही कल्पना काही नवी नाही. इंग्रजांच्या काळातही ती होती. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल साहेबांनी हिशोब मांडला आणि दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाची मजुरी ठरवली : एक पौंड धान्य आणि एक आणा. म्हणजे जेमतेम अर्धा किलो धान्य! पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध आवाज उठवला. पुढे १८८० चा दुष्काळ आयोग आला, ‘फॅमिन कोड’ आलं, नियम झाले. पण मूळ भावना तीच राहिली. सरकार मायबाप, आणि मायबापाला वाटलं तर काम. काम मागणं हा कुणाचा हक्क नव्हता.

ही भावना उलटी करणारा माणूस म्हणजे वि. स. पागे. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला त्यांनी एक प्रयोग करून पाहिला. आपल्या भाषेत म्हणायचं तर पायलट प्रोजेक्ट. विचार अगदी सरळ होता. ज्याला अंगमेहनतीचं काम हवंय त्याला ते गावाजवळ मिळालं पाहिजे आणि त्या कामातून गावात टिकाऊ काहीतरी उभं राहिलं पाहिजे. १९७२ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना ही योजना राज्याने स्वीकारली, आणि नेमका त्याच वर्षी महादुष्काळ आला.

बहात्तरचा दुष्काळ आपण पाहिलेला नाही, पण घरातल्या आजीला ‘सुकडी’ किंवा ‘मिलो’ हे शब्द विचारून बघा. दुष्काळी कामांवर वाटली जायची ती सुकडी, आणि अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी म्हणजे मिलो. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी. कुदळ, फावडं, घमेलं. एवढ्या माणसांना रोज काम द्यायचं, मस्टरवर हजेरी मांडायची, खोदलेल्या खड्ड्याची मापं घ्यायची आणि त्यावरून मजुरी काढायची... आणि हे सगळं कॉम्प्युटरशिवाय! आपल्याकडे पन्नास माणसांच्या टीमची टाइमशीट वेळेवर भरून होत नाही.

दुष्काळ ओसरला, पण अनुभव राहिला. महाराष्ट्राने मग रोजगार हमीचा कायदाच केला. १९७७ चा हा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्यातलं मुख्य कलम असं : ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाने काम मागितलं तर १५ दिवसांत ते द्यायचं. नाही देता आलं तर बेकारभत्ता, दिवसाला किमान एक रुपया. आयटीवाल्यांना ही कल्पना पटकन कळेल, कारण हा गावचा ‘बेंच’च झाला. फरक इतकाच की आपल्याला बेंचवर पगार मिळतो, आणि तो एक रुपया प्रत्यक्षात फार क्वचित कुणाच्या हातात पडला. बाई आणि बाप्याला कामाच्या मापाप्रमाणे सारखा दर हे मात्र कागदावर पक्कं होतं. त्या काळात शेतमजुरीत बाईला सर्रास कमी पैसे मिळायचे, म्हणून ही गोष्ट लहान नव्हती.

आता प्रश्न पैशाचा. हक्क दिला, पण बिल कोण भरणार? इथे आपली ती ओळ येते. रोजगार हमीचा खर्च भागवण्यासाठी महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला. नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी अशा महिन्याची कमाई असणाऱ्या सगळ्यांकडून थोडे थोडे पैसे घ्यायचे. असे खास कर रोजगार हमी निधीत जायचे, आणि जेवढे जमतील तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची. म्हणजे शहरातल्या कारकुनाच्या पगारातून सिन्नरच्या पाझर तलावाची माती निघत होती. राज्यघटनेने या कराला कमाल मर्यादा घातली आहे. ती आधी वर्षाला २५० रुपये होती, १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली, आणि अजून तिथेच आहे. १९८८ च्या २,५०० रुपयांत काय काय यायचं ते वडिलांना विचारा.

इथपर्यंत अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पुढे २००५ मध्ये केंद्राने १०० दिवसांच्या हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचं उदाहरण समोर होतंच. पण आता दुसरी बाजू.

योजनेच्या व्याख्येतच एक शब्द होता : ‘अकुशल’. अंगमेहनतीचं अकुशल काम. त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. खर्चातले निदान ६० टक्के मजुरीवर गेले पाहिजेत, नाहीतर सिमेंट आणि कंत्राटदारच पैसे खाऊन टाकतील. नव्या कामासाठी निदान ५० मजूर हवेत, म्हणजे माती आणि दगड यांचीच कामं सोयीची. पण याचा परिणाम असा झाला की जी बाई बहात्तरमध्ये घमेलं उचलत होती ती वीस वर्षांनीही घमेलंच उचलत राहिली. तलावाची पातळी कशी काढतात, माप कसं घेतात, दगडी पिचिंग कसं बसवतात हे तिच्या डोळ्यांसमोर रोज होत होतं, पण ते शिकवणं कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. आपण कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा आपल्याला तरी काय येत होतं? कंपन्यांनी आपल्याला पगार देऊन काही महिने ट्रेनिंग दिलं. आपल्या पहिल्या महिन्यांच्या कोडचा कुणाला काय उपयोग झाला हा विषय न काढलेलाच बरा.

या योजनेचं रूप थोडं बदललं ते १९९० मध्ये. रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली. खड्डे खणणं, रोपं लावणं, सुरुवातीची वर्षं ती जगवणं या खर्चाला रोजगार हमीचा पैसा आणि जमीन शेतकऱ्याची स्वतःची. आपल्याकडच्या कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या भागात, डाळिंब फोफावलं त्याला या योजनेचाही हातभार लागला. इथे घमेल्याच्या पलीकडचं काहीतरी घडलं. माणूस छाटणी शिकला, बहार धरायला शिकला, बाजार शिकला. पुढे तेल्या रोगाने बागा गेल्या, तरी शिकलेलं कुठे गेलं नाही. पण एक मेख होती. हे ज्याच्याकडे जमीन होती त्याच्यासाठी. भूमिहीनाला परत दुसऱ्याच्या बागेतला खड्डाच.

आणि ‘अकुशल’ म्हणजे नेमकं काय, हे बघायचं असेल तर द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला चक्कर मारा. पेठ-सुरगाण्याकडून, भाताचं काम उरकलं की, मजुरांच्या टोळ्या येतात. एकराच्या हिशोबाने उक्तं काम घेतात. छाटणी, विरळणी, घड औषधात बुडवणं. कुठला मणी काढायचा आणि कुठला ठेवायचा हे त्यांच्या बोटांना कळतं, आणि युरोपात जाणारा घड निम्मा तिथेच ठरतो. सरकारी कागदावर ही माणसं अकुशल! त्यांनी हे शिक्षण एकमेकांकडून घेतलं आणि त्याचा कुठलाही दाखला त्यांच्याकडे नाही.

सरकारच्या हे लक्षातच आलं नाही असं नाही. १०० दिवस काम केलेल्या मजुरांच्या घरातल्यांना प्रशिक्षण देणारी ‘उन्नती’ योजना २०१९ च्या सुमारास आली. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात ५११ ग्रामीण कौशल्य केंद्रांचं उद्घाटन झालं. पण काम एका खात्यात आणि शिकणं दुसऱ्या खात्यात, अशीच ही रचना राहिली. मजुराला शिकायचं तर काम सोडून शिका. हातावर पोट असलेला माणूस हे कसं करणार?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याऐवजी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० चे १२५ झाले, आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा आला. म्हणजे बिल कोण भरणार हा पागेंच्या वेळचा प्रश्न पुन्हा आपल्या दारात आलाय. त्यात नाशिकला २०२७ चा सिंहस्थ आहे. रस्ते, पूल, घाट, पाइपलाइन. शहरात कामच काम. रोजगार हमीचा कायदा शहराला लागू नाही हे खरं, पण पेठ-सुरगाण्याचा मजूर शहरातही येतोच.

माझ्या मते हिशोब अगदी साधा आहे. पन्नास मजुरांच्या प्रत्येक कामावर चार-पाच जणांना त्याच कामावर, त्याच मजुरीत गवंडीकाम, पातळी घेणं, नळजोडणी शिकवा आणि शेवटी त्याचा दाखला द्या. वेगळी इमारत नको, फीत कापणं नको. मस्टरवर हजेरीच्या रकान्याशेजारी ‘काय शिकला’ असा एक रकाना वाढवा. डेटाबेसमध्ये एक कॉलम टाकायला किती वेळ लागतो हे आपल्याला माहीत आहेच. तो भरायचा कुणी आणि तपासायचा कुणी, हे ठरवणं जास्त अवघड आहे, आणि कर भरणाऱ्यांनी सरकारला विचारायला हवं ते हेच.