केशराचं उसनं नाव

फेब्रुवारी-मार्चमध्ये वसमतच्या शिवारातून जाताना हळद शिजतेय हे डोळ्यांआधी नाकाला कळतं. पूर्वी काहिलीत शिजायची, आता वाफेच्या कुकरमध्ये शिजते. काहिलीत पाऊण-एक तासात फेस यायचा, पांढरी वाफ निघायची आणि वासातला कच्चेपणा जायचा. मग एक काडी हळकुंडात टोचायची. काडी सहज आत गेली की उपसायला घ्यायचं.

ओलं हळकुंड कापून भिंगाखाली धरलं, तर पिवळा रंग सगळीकडे सारखा नसतो. रंगाच्या पेशी वेगळ्या, पिठाच्या वेगळ्या. उकळीत पेशींची पातळ आवरणं फाटतात, स्टार्च फुगून खळ होतो आणि रंग कंदभर पसरतो. कापलेल्या वांग्याला काळं करतात त्या जातीची विकरंही तापून निकामी होतात. शिजवण्याची ही रीत ज्यांनी बसवली त्यांना पेशी आणि विकर हे शब्द ठाऊक नव्हते.

त्या पिवळ्या द्रव्याचं नाव कुरक्युमिन. 1815 मध्ये व्होगेल आणि पेलतिए या दोघांनी ते हळदीतून वेगळं काढलं, 1910 मध्ये बर्नला कोस्तानेत्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याची रचना सांगितली. पण ‘कुरक्युमिन’ हा शब्द मुळात हळदीचा नाहीच. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये हळदीला ‘कुरकुमा लोंगा’ म्हटलं, ते अरबी ‘कुरकुम’वरून. हिब्रूत ‘करकोम’ म्हणजे केशर. अरबीतही कुरकुम आधी केशर, मग केशरासारखं पिवळं करणारी हळद. केशर महाग, हळद स्वस्त. नाव खाली उतरत आलं.

आपल्याकडेही हेच घडलं, आणि मला गंमत वाटते ती याची. संस्कृतात ‘कुंकुम’ म्हणजे केशर. हळद ती ‘हरिद्रा’, प्राकृतातून घासत घासत आपली ‘हळद’ झालेली. पण मराठी देव्हाऱ्यातल्या करंड्यात जे कुंकू आलं, ते केशराचं नव्हे, हळदीचं. कुरकुम आणि कुंकुम हे भाऊबंद असल्याचं मानणारे भाषाअभ्यासक आहेत. ते खरं असेल तर हळदी-कुंकवाच्या ताटातलं कुंकू आणि प्रयोगशाळेतलं कुरक्युमिन एकाच घराण्यातली ठरतात. दोन्हीकडे नाव केशराचं आणि माल हळदीचा!

कुंकवाची जुनी कृतीही पाहण्यासारखी आहे. हळद लिंबाच्या रसात आणि टाकणखारात भिजवून वाळवायची. पिवळ्याचं लाल होतं. टाकणखारात बोरॉन असतं. आम्लाच्या संगतीत ते कुरक्युमिनला बिलगतं आणि लाल रंग उतरतो. रसायनशाळेत बोरॉन ओळखायला हळदीचा कागद वापरतात तो याच गुणावर. म्हणजे कुंकू करणारा कारागीर परीक्षानळीशिवाय तीच परीक्षा घेत होता. (हल्ली बाजारातलं पुष्कळसं कुंकू कृत्रिम रंगाचं असतं, ती गोष्ट निराळी.)

हळदीच्या पेशीत कुरक्युमिन कसं घडतं ते मात्र फार उशिरा उलगडलं. सुरुवात होते फेनिलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लापासून. शेवटी एक विकर अर्धा सांगाडा घडवतं, दुसरं त्याला उरलेला अर्धा जोडतं. या दोन्ही विकरांचा शोध जपानी संशोधकांनी 2009 मध्ये जाहीर केला. पाण्यात हे द्रव्य जवळपास विरघळत नाही, स्निग्धात मुरतं. म्हणून पेशीच्या पटलात, मेदाच्या दोन थरांमध्ये ते शिरून बसतं. तिथं मेद खवट करणाऱ्या मुक्त मूलकांना आपला एक हायड्रोजन देऊन टाकतं. परीक्षानळीत हे छान दिसतं. शरीराची गोष्ट वेगळी: आतड्यातून फारच थोडं शोषलं जातं. 2017 च्या एका गाजलेल्या आढाव्याने तर शंभराहून जास्त चाचण्या होऊनही औषध म्हणून ठोस यश नाही असं सुनावलं. कुरक्युमिनच्या गोळ्यांच्या जाहिराती वाचताना मला तो आढावा आठवतो. भाजीतली हळद मी कमी केलेली नाही.

2024 मध्ये ‘वसमत हळद’ला भौगोलिक मानांकन मिळालं. या नावात केशर कुठंच नाही, गाव आहे. मोंढ्यावर आता कुरक्युमिनचे टक्केही विचारतात. तरी मुरलेला व्यापारी पोत्यातून एक हळकुंड उचलतो, कानाजवळ धरून कट्‌दिशी मोडतो. आवाज खणखणीत आला, तरच आतला रंग पाहतो.