तीन दिवसांचा ध्वज

कॅलिफोर्नियात सान हुआन बाउतिस्ता, म्हणजे आपला संत योहान बाप्तिस्ता, या नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथून सुमारे अकरा मैलांचा वळणावळणाचा रस्ता एका शिखराकडे चढत जातो. राज्य सरकारने या स्थळाला १८१ क्रमांकाचे ऐतिहासिक स्थळ म्हणून मान दिला आहे. स्पॅनिश लोक या डोंगराला 'गॅविलान', म्हणजे ससाणा, म्हणत. आज तो फ्रेमाँट शिखर म्हणून ओळखला जातो.

मार्च १८४६ मध्ये कॅप्टन जॉन फ्रेमाँट या अमेरिकन लष्करी सर्वेक्षकाने येथे आपल्या देशाचा ध्वज उभारला. कॅलिफोर्निया तेव्हा मेक्सिकोचा प्रांत होता. सर्वेक्षणाचे निमित्त सांगून सुमारे साठ सशस्त्र माणसांनिशी आलेला हा पाहुणा किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत वावरू लागला, तेव्हा जनरल होसे कास्त्रो याने त्याला प्रांत सोडण्याचा हुकूम धाडला. यजमानाने पाहुण्याला वाट दाखवावी, यात गैर ते काय? फ्रेमाँटने मात्र तो अपमान मानला, डोंगर चढून ओंडक्यांचा कोट रचला आणि निशाण फडकावले. खाली मिशनजवळ कास्त्रो सैन्य जमवीत होता. माँटेरे येथील अमेरिकन वकील थॉमस लार्किन सबुरीचा सल्ला देत होता. तिसऱ्या दिवशी ध्वजकाठी कोसळली. तो संकेत समजून आपण तळ हलविला, असे फ्रेमाँट आपल्या आठवणींत सांगतो. दि. ९ मार्चच्या रात्री तो निघून गेला. एकही गोळी झाडली गेली नाही.

पुढच्या घटना झपाट्याने घडल्या. मे महिन्यात युद्ध पुकारले गेले, ७ जुलैला माँटेरेवर अमेरिकन निशाण चढले आणि १८४८ च्या तहाने कॅलिफोर्निया अमेरिकेचा झाला. जिंकणाऱ्यांनी त्या फसलेल्या तीन दिवसांनाही स्मारकाचा मान दिला. पराभव झाला असता, तर त्यालाच घुसखोरी म्हटले गेले असते.

शिखरावरून पायथ्याचे मिशन दिसते. फ्रान्सिस्कन धर्मगुरू फेर्मिन लासुएन यांनी दि. २४ जून १७९७ रोजी, संत योहानाच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, त्याची स्थापना केली. मंदिराला लागून दफनभूमी आहे. तेथे चार हजारांहून अधिक मूळ रहिवासी विसावले आहेत. त्यांत पुष्कळ मुत्सुन भाषक होते. साथीच्या रोगांनी आणि मिशनमधील कोंडलेल्या जीवनाने त्यांचे बळी घेतले, ही गोष्ट आपण ख्रिस्ती वाचकांनी झाकून ठेवू नये. ध्वज स्पेनचा असो, मेक्सिकोचा असो वा अमेरिकेचा, जमीन कोणाची हे त्यांना कोणी विचारले नाही.

तरीही याच मिशनमध्ये फादर फेलिपे आरोयो दे ला क्वेस्ता यांनी मुत्सुन भाषेचे व्याकरण व शब्दसंग्रह चिकाटीने लिहिला. ते १८४० मध्ये निवर्तले. व्याकरण छापले गेले १८६१ मध्ये. आपल्या फादर स्टीफन्सचे कोकणी व्याकरणही त्यांच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनीच, १६४० मध्ये, प्रसिद्ध झाले होते, याची येथे सहज आठवण होते.

मुत्सुन अस्खलित बोलणारी शेवटची स्त्री, आसेन्सिओन सोलोर्सानो, १९३० मध्ये वारली. अखेरच्या आजारपणातही ती भाषाशास्त्रज्ञ जॉन हॅरिंग्टन यांना शब्द सांगत राहिली. त्या टिपणांच्या व फादर आरोयोंच्या वह्यांच्या आधारे २०१६ मध्ये मुत्सुनचा शब्दकोश प्रसिद्ध झाला, आणि त्या लोकांचे वंशज ती भाषा पुन्हा शिकू लागले आहेत.