बिस्मथच्या छाया

विल्हेल्म राँटजेन यांना १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला, तेव्हा देहातील अस्थी तेवढ्या दृग्गोचर झाल्या. जठर आणि आतडी मात्र अदृश्यच राहिली. ही उणीव दूर करण्याची तजवीज लौकरच हार्वर्डमधील वॉल्टर कॅनन यांनी केली. प्राण्यांच्या अन्नात त्यांनी बिस्मथचा क्षार मिसळला, आणि या जड धातूने किरण अडविल्यामुळे अन्नाचा देहांतर्गत प्रवास पडद्यावर दिसू लागला. १९०४ मध्ये म्युनिकच्या हेर्मान रीडर यांनी हीच युक्ती रुग्णांच्या निदानासाठी रूढ केली. पुढे त्या क्षारापासून विषबाधा होते असे आढळल्याने त्याची जागा बेरियम सल्फेटने घेतली.

परंतु जी छाया वैद्याने हेतुपुरस्सर पाडली तिचा अर्थ त्याला ठाऊक होता. तोच बिस्मथ औषध म्हणून देहात शिरला तेव्हा मात्र घोटाळा झाला. १९२१ मध्ये पॅरिस येथे साझराक आणि लेवादिती यांनी उपदंशावर बिस्मथ गुणकारी असल्याचे दाखविले, आणि तेलात कालविलेला अविद्राव्य क्षार नितंबाच्या स्नायूंत वारंवार टोचण्याची पद्धत सर्वत्र पसरली. १९४३ नंतर पेनिसिलिनने हा उपचार मागे टाकला, तरी स्नायूंतील धातूचे साठे मात्र हटले नाहीत. दशकांनंतर भलत्याच तक्रारीसाठी कटिभागाचे चित्र काढावे, तर श्रोणीच्या अस्थींवर शुभ्र डाग उमटत, आणि ते मूत्रमार्गातील खडे की चुना साचलेल्या ग्रंथी, असा पेच पडे. बाजूने घेतलेल्या चित्रात ते डाग पाठीमागे स्नायूंतच आहेत हे उघड होई. पण मुळात जो रोग कुटुंबापासूनही लपविला त्याची कैफियत नव्या वैद्यापुढे आपण होऊन कोण मांडणार? रुग्णाच्या या संकोचाला मी दोष देणार नाही. विश्वास देऊन विचारणे हे वैद्याचेच काम होते.

बालकांची गोष्ट याहून करुण. बिस्मथ दिलेल्या मुलांच्या, आणि गर्भारपणी तो घेतलेल्या मातांच्या अर्भकांच्याही, वाढत्या अस्थींच्या टोकांशी दाट आडवे पट्टे उमटत. शिशाच्या विषबाधेतही तसेच पट्टे दिसतात, आणि जन्मजात उपदंश त्याच टोकांना विकृत करतो. तेव्हा समोरची खूण विषाची, रोगाची की औषधाची, हा फैसला आईच्या उपचारांचे दप्तर पाहिल्यावाचून होणे कठीण होते.

पुढे श्राव्यातीत ध्वनीच्या तपासणीतही हाच प्रकार घडला. सेफ्ट्रियाक्सोन हे प्रतिजैविक पित्ताशयात कॅल्शियमशी संयोग पावून हुबेहूब खड्यांसारखे दिसते, आणि औषध थांबविल्यावर हे खडे बहुधा आपोआप विरतात. तरीही काही रुग्णांची पित्ताशये शस्त्रक्रियेने काढून टाकली गेली.