दुभंगलेल्या काठीचा पुरावा

रतिबाच्या दुधाचा हिशेब स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवण्याचा परिपाठ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना रेघेचे सामर्थ्य निराळे सांगण्याचे प्रयोजन नाही. अक्षरओळख नसलेल्या गृहिणीलाही महिन्याचा आकडा त्या रेघांवरून बिनचूक काढता येई. आपल्या अंकांचा उगमही याच रेघांत आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळी यज्ञांच्या दक्षिणेचा जो लेख कोरला गेला, त्यात एकासाठी एक आडवी रेघ व दोहोंसाठी दोन रेघा आढळतात, आणि त्या दोन रेघा लेखणी न उचलता जोडल्या जाऊनच पुढे आपला २ सिद्ध झाला. परंतु रेघेत एक न्यून आहे. ती ज्याच्या भिंतीवर असते त्याच्याच स्वाधीन असते. तिच्या शेजारी आणखी एक ओढण्यास किंवा असलेली पुसून टाकण्यास दुसऱ्या पक्षाचा अटकाव नसतो. हे न्यून दूर करण्यासाठी मध्ययुगीन इंग्लंडच्या सरकारी खजिन्याने जी युक्ती योजिली, तिच्याइतका न्याय्य दस्तऐवज हिशेबाच्या इतिहासात मला दुसरा दिसत नाही.

या खजिन्यास एक्सचेकर म्हणत, कारण तेथील हिशेबाच्या मेजावर बुद्धिबळाच्या पटासारखे रेघांचे कापड अंथरलेले असे व त्यावर सोंगट्या सरकवून बेरीज-वजाबाकी होई. परगण्याचा वसूल करणारा शेरीफ ईस्टरच्या सुमारास पहिला भरणा करी आणि सप्टेंबरअखेर मायकेलमसच्या सणास हिशेब पुरा करून देण्यासाठी हजर होई. भरलेल्या रकमेची पावती म्हणून त्यास कागद नव्हे, तर हेझलच्या लाकडाची एक काठी मिळे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतः खजिनदार असलेल्या रिचर्ड फिट्झनील याने या काठीच्या खाचांचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, ते वाचताना कारागिराचे हात डोळ्यांसमोर उभे राहतात: हजार पौंडांस तळहाताच्या जाडीएवढी खाच, शंभरास अंगठ्याएवढी, विसांस करंगळीएवढी, एका पौंडास पिकलेल्या जवाच्या दाण्याएवढी, शिलिंगास त्याहून लहान, आणि पेनीस लाकडाचा कणही न काढता सुरीचा नुसता एक छेद. मापे सगळी हाताची आणि शेताची. म्हणूनच निरक्षर माणसाच्या बोटांनाही ती चाचपून कळत.

खाचा पाडून झाल्या की दोन्ही अंगांवर शाईने भरणा करणाऱ्याचे नाव व कारण लिहीत आणि मग काठी अशा रीतीने उभी चिरीत की प्रत्येक खाचेचा अर्धा भाग दोन्ही फाळ्यांवर यावा. मूठ शाबूत असलेला लांब फाळा, ज्यास स्टॉक म्हणत, तो भरणा करणाऱ्यास मिळे. आखूड फाळा, म्हणजे फॉइल, खजिन्यात राही. हिशेबाच्या दिवशी दोन्ही जुळवून पाहात. शेरीफाने आपल्या फाळ्यावर एक खाच वाढविली, तर सरकारच्या फाळ्यावर तिचे उत्तर नसे. कारकुनाने सरकारी फाळ्यावर खाडाखोड केली, तर रयतेच्या फाळ्याकडून तो उघडा पडे. आणि बनावट फाळा पुढे केल्यास लाकडाचे तंतू एकमेकांस मिळत नसत. शिक्का सरकारचा असतो, सही एकाची असते. या काठीत मात्र साक्ष दोघांकडे समसमान वाटलेली होती.

पुढे राजे भावी वसुलावर अशा काठ्या सावकारांस देऊ लागले, त्या कसर कापून हस्तांतरित होऊ लागल्या, आणि १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने खजिन्यातून देणे थांबविले तेव्हा लंडनचे अनेक सराफ बुडाले. १६९७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने भांडवल वाढविले, तेही बव्हंशी या काठ्या स्वीकारूनच.

अठराव्या शतकाच्या अखेरीस कायद्याने ही पद्धत मोडीत काढण्याचे ठरविले, आणि १८२६ मध्ये ती प्रत्यक्षात संपली. साठलेल्या काठ्यांचे करावयाचे काय, या प्रश्नाचे उत्तर १६ ऑक्टोबर १८३४ रोजी देण्यात आले: दोन गाड्या भरतील इतक्या काठ्या उमरावांच्या सभागृहाखालील भट्ट्यांत दिवसभर जाळण्यात आल्या. वाळलेल्या लाकडाच्या त्या जाळाने धुराडी अतोनात तापली, संध्याकाळी ज्वाळा वर आल्या, आणि रात्रभरात संसदेच्या दोन्ही सभागृहांची राख झाली. ती लाकडे शेजारच्या गोरगरिबांस सरपणासाठी का दिली नाहीत, असा प्रश्न चार्ल्स डिकन्सने पुढे १८५५ च्या एका भाषणात उपस्थित केला. मला मात्र सरपणाहून त्या दप्तराचे दुःख अधिक वाटते; सातशे वर्षांत कोणी किती भरले याच्या खुणा त्या लाकडांत होत्या.

वेस्टमिन्स्टर अॅबीच्या पिक्स नावाच्या कोठडीत काही शे काठ्या मात्र विसरून राहिल्या होत्या, त्या विसाव्या शतकाच्या आरंभी हाती लागल्या. दप्तरखान्यातील अभ्यासक हिलरी जेंकिन्सन याने त्या तपासल्या, तेव्हा फिट्झनीलने सांगितलेली खाचांची श्रेणी त्यांवर जशीच्या तशी आढळली.